म्हातारी मेल्याचंही दुःख आहे

प्रति,
मराठी दैनिकांचे संपादक, जिल्हा आवृत्त्यांचे प्रमुख आणि तालुक्यातालुक्यांतले वार्ताहर मित्र यांस,



माण तालुक्यातल्या एका गावात एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आठ अ, पीकविम्याचे अर्ज, रेशनकार्डात नाव घालणं आणि काढणं, लग्नपत्रिकेचा मजकूर, असलं सगळं इथं होतं. गावात कोणी वारलं की अंत्यविधी उरकल्यावर घरातला एखादा जाणता पोरगा मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतो आणि म्हणतो, ‘पेपरला द्यायचंय, तेवढं लिहा की.’ मी लिहितो, तुमच्या वार्ताहराला व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते आतल्या पानावर येतं. म्हणजे तुमच्या निधनवार्तांचा मी नुसता वाचक नाही, कच्चा माल पुरवणाराही आहे. त्या नात्यानं हे पत्र.

निधनवार्ता हा तुमच्यालेखी पान भरायचा मजकूर असेल. आमच्याकडे तसं नाही. दुकानाच्या बाकावर बसणारी मंडळी अग्रलेख ओलांडून आधी तिथं जातात. कुठला पाहुणा गेला, कुणाच्या रक्षाविसर्जनाला निघायचं, हे तिथून कळतं. लग्नाला नाही गेलं तरी चालून जातं; मयताला नाही गेलं तर वर्षानुवर्षं बोलणी बसतात. त्यामुळे तुम्ही तिथं काय छापता आणि काय गाळता याची आम्हाला पडलेली असते.

आमच्या आळीतली जिजी गेली, तेव्हा तुमच्यापैकी एका दैनिकात बातमी आली. मथळा होता, विकास सोसायटीचे माजी संचालक अमुक यांना मातृशोक. खाली, वृद्धापकाळानं निधन, वय ८०, धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या, पश्चात दोन मुलं, तीन मुली, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं असा मोठा परिवार, रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी नऊला. त्यानंतर अंत्ययात्रेला हजर असलेल्या मान्यवरांची यादी.

यातली रक्षाविसर्जनाची वेळ आणि मुलाबाळांची संख्या बरोबर आहे. बाकीच्याचं काय सांगू! जिजी मनमिळाऊ बिलकूल नव्हती. फटकळ होती, आख्खी आळी तिला टरकून असायची. टँकरवर नंबर तोडून कुणी पुढं घुसलं तर त्याच्या तीन पिढ्या निघायच्या. धार्मिक म्हणावं तर शिखर शिंगणापूरच्या यात्रेला जायची, तेही कावडी बघायला आणि येताना मुंगी घाटात दम खात बसलेल्या तरण्या पोरांची टिंगल करायला. तुमच्या पानांवर मात्र गेली कित्येक वर्षं एकही म्हातारी भांडखोर मेलेली नाही.

पहिली तक्रार मथळ्याची. गेली ती, आणि बातमी झाली त्याची. मुलगा संचालक नसता तर ती बातमी आली असती का, हा प्रश्न तर पुढचाच. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तुमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्यांच्या जयंतीला तुम्ही चौकट छापता. त्या गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला, आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ आलं १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे ज्या दिवशी त्या वारल्या त्या दिवशी त्या जगाच्या हिशेबात एका कवीची शेतकरी आई होत्या. आजच्या साच्यात तुम्ही काय छापलं असतं? कवी सोपानदेव चौधरी यांना मातृशोक. आता कोणी म्हणेल, प्रत्येक म्हातारी बहिणाबाई नसते. नसतेच. माझी तक्रार ती नाहीच. कविता केली नसती तरी त्या बाईचं मरण तिच्या नावावर मांडायला हवं होतं, एवढंच म्हणतो.

आणि नाव म्हणजे कुठलं? जिजीचं माहेर आटपाडी तालुक्यातलं. तेरा वर्षांपर्यंत ज्या नावानं तिला हाक मारली ते नाव लग्नात बदललं. तिच्या चुलत भावाच्या घरी तुमचाच पेपर येतो. त्यांनी बातमी वाचली आणि पान उलटलं, कारण सासरच्या नावाची ती कोण, हे तिथं कुणाला कळण्याजोगं नव्हतं. फोटोही आधारवरचा, नखाएवढा, ओळखू न येणारा. माणसं आली ती दहावा होऊन गेल्यावर, आणि दारात उभं राहून जे बोलायचं ते बोलली. मुलांचा काय दोष? त्यांना आईचं माहेरचं नाव माहीत होतं, पण ते पेपरात घालायचं असतं हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. राज्य सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलं. निर्णयाची बातमी तुम्ही पहिल्या पानावर घेतलीत. त्याच पेपराच्या आतल्या पानावर आया अजून मुलांच्या नावावरच मरतात.

आता वय. जिजीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९४५ होती. आमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, कारण तारीख ठाऊक नसली की वर्ष अंदाजानं टाकून मशिन तोच दिवस धरतं. शाळेत गेलेल्यांचा १ जून, कारण गुरुजींनी तसा लिहिला. तुम्ही आधारवरून ८० छापलंत. पण जिजीला विचारलं असतं तर ती म्हणायची, ‘जळिताच्या सालाला मी परकर नेसून हुंदडत हुते. ब्राह्मण आळीचा धूर आमच्या वस्तीवरनं दिसला.’ जळीत म्हणजे १९४८, गांधीजींच्या खुनानंतरचं. परकर नेसणारी पोर म्हणजे नऊ-दहा वर्षांची तरी. त्या हिशेबानं ती सत्त्याऐंशीची होऊन गेली. तुम्ही म्हणाल, सात वर्षांनी काय बिघडतं? श्रावणबाळ योजनेचा पगार पासष्टाव्या वर्षापासून मिळतो. मतदार ओळखपत्रावर चुकलेलं वय पुढं आधारवर उतरलं आणि जिजीचा पगार सात वर्षं उशिरा सुरू झाला. २०२४ च्या निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरून मतदानाची सोय होती; ती कागदावर एकोणऐंशीची, म्हणून काठी टेकत शाळेपर्यंत गेली. सातबाऱ्यावरच्या अर्ध्या गुंठ्याच्या चुकीवर तुम्ही तीन रकाने लिहिता, ही तर माणसाच्या आयुष्यातली सात वर्षं.

हे वय काढणं अवघड नाही, आणि वार्ताहराचं शिक्षण त्यातच आहे. पत्री सरकार आठवतं का? कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे, तेव्हा कडेवर कोण होतं? बहात्तरच्या दुष्काळात थोरली केवढी होती? तीन प्रश्नांत माणूस वर्षभराच्या फरकानं सापडतो. शिवाय उत्तरं देताना जे बोलतात ती बातमी असते, ती वेगळीच.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. जिजी तुमच्या पेपरात याआधीही एकदा येऊन गेली होती, रंगीत, चार कॉलम. २०१३ च्या उन्हाळ्यात. म्हसवडकडच्या चारा छावणीत. दोन गाई आणि एक कालवड घेऊन ती महिनोन्महिने तिथं राहिली, पाल मारून, आपली भाकरी आपण थापून. छावण्यांत म्हातारी माणसंच जास्त असत, कारण तरणी मुंबईला, नाहीतर सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यावर दक्षिणेला. तुमच्या छायाचित्रकारानं तिला सांगितलं, कपाळावर हात ठेवून वर बघा. तिनं वर बघितलं. ‘वर काय हाय ते सांग की आधी,’ असं ती त्याला म्हणाली होती, हे ती नंतर दहा वर्षं सांगायची. दुसऱ्या दिवशी फोटो आला. ओळ होती, पावसाच्या प्रतीक्षेत एक वृद्धा. नाव नाही, गाव नाही. तिची गाय खिल्लार आहे, ती किती वेताची आहे, उसाच्या वाढ्यावर तिचं दूध का तुटलं, यातलं काही नाही. ढगाकडे बघणारी म्हातारी कुणाचीही चालते.

थोडं आपल्याच अंकांकडे बघा. खेड्यातलं म्हातारं माणूस तुमच्याकडे कधी येतं? दुष्काळात, कपाळावर हात ठेवून. आषाढीत, सुरकुतलेल्या चेहऱ्यानं फुगडी घालताना. मतदानाच्या दिवशी, शाई लावलेलं बोट दाखवत. आणि बँकेच्या दारात, पगाराच्या रांगेत. या चारही ठिकाणी ते बिननावाचं असतं. मेल्यावर नाव येतं, ते मुलाचं. मधल्या काळात ते जगत असतं, पण ते छापण्याची वेळ काही येत नाही. माणदेशावर पुरवणी काढलीत की ‘माणदेशी माणसं’ आठवतंच तुम्हाला. पुस्तक १९४९ चं. त्यानंतरही इथं माणसं राहतात.

जिजीनं काय केलं, हे आता सांगतो, कारण ही माहिती मी तुमच्या वार्ताहराला पाठवली होती आणि ती कापली गेली.

नवरा मुंबईला परळच्या गिरणीत. ती इथं कोरडवाहू रानात बाजरी, मटकी, हुलगा करायची. पाऊस झाला तर. १९७२ ला तोही झाला नाही. तेव्हा गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता दुष्काळी कामातनं झाला, त्यावर ती खडी फोडायला होती. थोरली पोरगी लुगड्याच्या आडोशाला, धाकटा पाठीला. सुकडी मिळायची ती पोरांना आणि रेशनवरची मिलो घरात. मिलोची भाकरी तोंडातच फिरायची, घशाखाली उतरायची नाही, असं ती सांगे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, जे आज नकाशावर दिसतं त्यातलं बरंच त्यांनी दोन वर्षांत उभं केलं. वि. स. पाग्यांनी आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात जिची सुरुवात केली त्या रोजगार हमीचा पुढं राज्यात कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाचा. त्याचे वर्धापनदिन तुम्ही करता, त्यावर विशेष लेख मागवता, पण खडी फोडणारी माणसं एकेक करून जाताहेत आणि ती बातमी ‘मनमिळाऊ स्वभावाच्या’ अशी येते.

तिच्या डाव्या अंगठ्याचं नख उभं दुभंगलेलं होतं. हातोडी बसली होती रस्त्यावर. ते नख पुन्हा सरळ उगवलंच नाही. दुकानात केवायसीसाठी यायची तेव्हा मी तिचा अंगठा मशिनवर दाबायचो. डावा नाही, उजवा. उजवा नाही, तर बोटं. रेषा गेलेल्या. खोबरेल लावून, पुसून, पुन्हा. मशिन लाल. ‘मी हाय की जित्ती,’ ती म्हणायची, ‘ह्या डबड्याला दिसंना व्हय?’ पगार तिचा आधी सहाशे होता, २०१९ ला हजार झाला, २०२३ ला दीड हजार. वाढ झाली की तुम्ही बातमी देता. अंगठा न जुळल्यानं किती जणींचा थांबला, हे कुणी मोजायला आलेलं मला तरी दिसलं नाही, आणि माझं दुकान तर स्टँडसमोरच आहे.

त्याच रस्त्याचं नंतर डांबरीकरण झालं, मग रुंदीकरण, मग नूतनीकरण. दर वेळी नारळ फुटला आणि दर वेळी तुमच्याकडे फोटो आला, नारळ फोडणाऱ्याचा. खाली दगडाचं सोलिंग कुणी बसवलं, ते कुठल्याच बातमीत नाही.

गिरण्यांचा संप सुरू झाला, १८ जानेवारी १९८२ ला. वर्षभरानं नवरा गावी परतला तो खोकला आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन. पुढं फार जगला नाही. मधल्या काळात जिजी सुईणही होती. शिकलेली नव्हे, सासूकडून आलेलं काम. आळीतली आज पन्नाशीत असलेली बरीच माणसं तिच्या हातावर जन्मलेली. आणि गावात बाईमाणूस गेलं की आंघोळ घालायलाही तिलाच बोलावत. तिला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा कुणाला रीत नीट ठाऊक नव्हती. मिशेरी लावत बसलेल्या एका म्हातारीला पलीकडच्या वस्तीवरून गाडीवर आणावं लागलं.

एवढं सगळं मी चार ओळींत बसवून पाठवलं होतं. वार्ताहराचा फोन आला, ‘भाऊ, हे फीचरचं झालं, निधनात बसत नाही.’ तो पोरगा चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला तुम्ही काय मानधन देता ते मला माहीत आहे, कारण त्याच्या पीककर्जाचे कागद मीच करतो. दिवाळी अंकाच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणल्या नाहीत तर तेही वेळेवर मिळत नाही. म्हणून हे पत्र त्याला नाही, त्याच्या डोक्यावर बसलेल्या तुम्हाला आहे.

फीचर आणि निधन यांच्यात ही भिंत कुणी घातली? मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केला आणि पुढं नेवासे तालुक्यातल्या तरवडी नावाच्या खेड्यातून तो वर्षानुवर्षं चालवला. वीज, फोन, पक्के रस्ते नसताना. खेड्यातल्या माणसाचं जगणं हीच बातमी, या भरवशावर तो चालला. दुसरं उदाहरण जवळचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळाच्या संग्रहात सगळ्यांसाठी खुल्या आहेत. त्यात ओवी आहे, आणि ती कुणी म्हटली त्या बाईचं नावही आहे, गावही आहे. काही जणींचे फोटो आणि आयुष्यही आहे. दळण दळणाऱ्या बाईचं नाव लिहून घ्यायला त्यांना जमलं. त्यांच्याकडे तुमच्यासारखे तालुक्यागणिक वार्ताहर नव्हते.

मरणाच्या कारणाबद्दल बोललो नाही तर पत्र अर्धं राहील. ‘वृद्धापकाळानं’ असं तुम्ही छापलंत. घरच्यांनीही तेच सांगितलं होतं. खेड्यात घरी गेलेल्या माणसाला डॉक्टरचा दाखला क्वचितच असतो, ग्रामपंचायतीत घरचे सांगतील ते लिहिलं जातं. पण झालं ते असं. मे महिन्यात टँकर आला, झुंबड उडाली, जिजी ओल्या चिखलात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. एकशेआठची गाडी आली, वेळेवर आली, तेवढं खरं. तालुक्याहून जिल्ह्याला पाठवलं. तिथं ऑपरेशन फुकट होण्याची सोय होती, पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला. दुरुस्तीचा अर्ज माझ्याच दुकानातून गेला. तो मार्गी लागेपर्यंत घरच्यांचा धीर आणि पैसा दोन्ही संपलं, आणि त्यांनी तिला घरी आणलं. चार महिने ती ओसरीवरच्या खाटेवर होती. पाठीला जखमा झाल्या. भाद्रपदात गेली.

वय झालं म्हणून मेली असं म्हणायला हरकत नाही, पण मग ऐंशीच्या पुढं सगळीच माणसं वृद्धापकाळानं मरतात आणि टँकर, चिखल, एक चुकलेलं अक्षर यांचा संबंधच उरत नाही. ज्या अंकात तिची बातमी होती त्याच पानावर शेजारी तालुक्यातल्या टँकरच्या फेऱ्यांची बातमी होती. दोन्ही बातम्यांत बोटभराचं अंतर. त्यांचा संबंध लावणं हे माझं काम नाही, तुमचं आहे. उन्हाच्या तडाख्यानं रानात पडलेला म्हातारा, रस्ता नाही म्हणून झोळीत घालून आणताना वाटेत गेलेली म्हातारी, औषधाच्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून खाणारा रक्तदाबाचा माणूस, ही सगळी मरणं तुम्ही एकाच शब्दात गुंडाळता. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, असं म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. आधी ते दुःख तरी धरा, काळाचं पुढं बघू.

आणि जे तुमच्याकडे येतच नाहीत त्यांचं काय? माझ्याकडे फोटो घेऊन येतो तो मुलगा असलेला, पत असलेला, चारचौघांत ऊठबस असलेला. मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरलेला आमच्या गावचा एक म्हातारा वाटेतच गेला. तिथंच विधी उरकले. त्याचा फोटोसुद्धा कुणाकडे नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली म्हातारी माणसं गेली तर रक्षाविसर्जनाची वेळ छापून आणावी असं त्यांच्या घरच्यांना वाटतच नाही, कारण ज्यांना यायचं ते दोन गल्ल्यांतच राहतात. पोटी मूल नसलेल्या बाईची बातमी तर तुमच्या साच्यात बसणारच नाही, मथळ्याला नाव कुणाचं देणार? पुण्यस्मरणाच्या पाव पान जाहिरातींनी तुमचं घर चालतं हे मला कळतं. पण फुकट छापायच्या त्या आठ ओळींत तरी वजन बघू नका.

मागण्या मोठ्या नाहीत. मथळ्यात गेलेल्या माणसाचं स्वतःचं नाव द्या; बाई असेल तर माहेरचं नाव आणि गावही द्या, निदान तिच्या भावकीला तरी कळेल. वय आधारवरून न घेता विचारून घ्या. त्या माणसानं हातानं काय केलं याची एक ओळ ठेवा. एकच. विहीर खणली, मेंढरं राखली, बाळंतपणं केली, चाळीस वर्षं एसटीच्या डेपोत फरशी पुसली, जे असेल ते. मरणाचं कारण घरच्यांना दुसऱ्यांदा विचारा, आणि ते पाणी, रस्ता, दवाखाना यांच्यापाशी जात असेल तर ती निधनवार्ता नाही, बातमी आहे. ती शहर प्रतिनिधीकडे द्या. आणि छावणीत, वारीत, मतदान केंद्रावर फोटो काढाल तेव्हा खाली नाव लिहा. विचारलं तर सांगतात. जिजीनं तर न विचारताही बरंच सांगितलं असतं.

६ जानेवारीला ‘दर्पण’ची आठवण काढून तालुक्यात तुमचा सत्कार होतो, शाल-श्रीफळाची पावती माझ्याच दुकानात टाइप होते. यंदाच्या भाषणात कुणीतरी हा विषय काढावा, एवढी अपेक्षा आहे.

तुमच्या वार्ताहराला सवड नसेल तर माझी तयारी आहे. पगाराची केवायसी करताना म्हातारी माणसं मशिन हिरवं होईपर्यंत बोलत बसतात, आणि मशिन लवकर हिरवं होत नाही. त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून ठेवतो. वेळ आली की त्यातनं आठ ओळी करून पाठवीन, शुद्धलेखन तुमच्या पद्धतीनं तपासा. मात्र जागा कमी पडली तर कापायला सुरुवात खालून करा. अंत्ययात्रेला कोण कोण मान्यवर उपस्थित होते ती यादी आधी काढा. ते सगळे अजून जिवंत आहेत, त्यांची बातमी उद्याही येईल.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
माण तालुक्यातला एक झेरॉक्सवाला
(आणि तुमच्या आतल्या पानाचा रोजचा वाचक)